भिंत कोणाची, चित्र कोणाचं?

बँक्सीच्या चित्राचा तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हॉट्सअॅपवर पाहिला असेल. लंडनमध्ये लिलाव चाललाय, हातोडा पडतो, आणि फुग्याकडे हात केलेल्या मुलीचं चित्र चौकटीतून खाली सरकत पट्ट्यापट्ट्यांत कापलं जातं. लोक तोंडावर हात ठेवून बघतायत. ही ऑक्टोबर २०१८ ची गोष्ट. चौकटीतच कागद कापायचं यंत्र लपवलेलं होतं. चित्र नुकतंच दहा लाख पौंडांना, म्हणजे आपल्या तेव्हाच्या हिशोबानं दहा कोटींना गेलं होतं. बाजाराला काय चपराक दिली, म्हणून जगभर टाळ्या पडल्या.

पुढचा भाग मात्र फारसा फॉरवर्ड झाला नाही. यंत्र अर्ध्यात अडकलं. अर्धवट कापलेलं चित्र खरेदीदारानं ठेवून घेतलं, त्याला नवीन नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये त्याच लिलावघरात ते पुन्हा विकायला आलं. किंमत आली १ कोटी ८५ लाख पौंड. आपले साधारण १९० कोटी. चपराक बसली खरी, पण तीन वर्षांत त्या चपराकीचीच किंमत जवळजवळ अठरापट झाली.

यावर दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक, ‘बघा, हे सगळे क्रांतिकारक शेवटी पैशालाच विकले जातात.’ दुसरी, ‘कलाकारानं काय उपाशी मरायचं?’ मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. कारण भांडण कलाकाराच्या खिशाबद्दल नाहीच. ते भिंतीबद्दल आहे.

ब्रिस्टल शहरातून नव्वदच्या दशकात पुढे आलेला हा बँक्सी. स्वतःचं खरं नाव त्यानं कधी जाहीर केलेलं नाही. स्टेन्सिल आणि स्प्रे घेऊन रात्रीत काम उरकायचं, सकाळी लोकांनी बघायचं. युद्ध, पोलीस, निर्वासित, बाजार असे त्याचे विषय. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कबाहेर त्यानं एक साधा स्टॉल लावला. एक म्हातारे गृहस्थ त्याची अस्सल चित्रं ६० डॉलरला एक अशी विकत बसले होते. कुठे त्याचं नाव नाही. दिवसभरात गल्ला झाला ४२० डॉलर. एका बाईंनी तर घासाघीस करून निम्म्या भावात दोन घेतली. म्हणजे चित्र तेच, हात तोच. लाखो डॉलरचा फरक पडतो तो नावानं आणि जागेनं.

आता एक उदाहरण जरा सावकाश सांगतो, कारण त्याचा धागा आपल्यापर्यंत येतो.

मे २०१२. ब्रिटनच्या राणीच्या कारकिर्दीला ६० वर्षं झाली म्हणून सगळीकडे पताका लागलेल्या. उत्तर लंडनच्या वुड ग्रीन भागात, स्वस्त वस्तूंच्या एका दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर बँक्सीचं चित्र उमटलं. एक पोरगा गुडघ्यावर बसून शिलाई मशीनवर ब्रिटिश झेंड्यांच्या पताका शिवतोय. दोन वर्षांपूर्वीच, २०१० मध्ये, त्या दुकानसाखळीचा माल भारतात लहान मुलाकडून बनवून घेतल्याच्या आरोपाच्या बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. त्यामुळे त्या भिंतीसमोरून पिशव्या घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकाला चित्र समजावून सांगायची गरज नव्हती. आपण आत काय घेतलं आणि ते कोणी बनवलं, एवढा साधा प्रश्न होता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये ते चित्र गायब झालं. भिंतीचा तेवढा तुकडाच कापून नेला. काही दिवसांत तो अमेरिकेत मायामीच्या एका लिलावाच्या यादीत दिसला. वुड ग्रीनचे लोक रस्त्यावर आले, आमचं चित्र परत द्या म्हणाले. तो लिलाव थांबला. पण जूनमध्ये लंडनमध्येच ते साडेसात लाख पौंडांच्या वर गेलं, आपले साडेसहा कोटींच्या आसपास.

कायदा काय म्हणतो? भिंत ज्याची, चित्र त्याचं. चित्र काढणाऱ्याला विचारायची गरज नाही, रोज तिथून जाणाऱ्यांना तर नाहीच. बालमजुरीवरचं चित्र कोट्यवधींना विकलं जातं आणि त्यातला एक पैसा कुठल्या पोराला मिळत नाही, हे वाईट आहेच. पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. त्या दुकानाच्या भिंतीवर होतं तेव्हा ते चित्र दुकानाला आणि गिऱ्हाइकाला प्रश्न विचारत होतं. दिवाणखान्यात गेल्यावर ते कुणाला विचारणार? भांडण करणाऱ्या माणसाला गप्प करायचं असेल तर त्याचं तोंड दाबायलाच हवं असं नाही. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या दारातून त्याला उचलून लांब नेलं, की काम झालं. बाजार राजकीय चित्राचं हेच करतो, आणि वर त्याचा सत्कारही करतो.

दुसरी बाजूही मांडायला हवी. २०१४ मध्ये ब्रिस्टलमध्ये मुलांच्या एका क्लबाजवळ बँक्सीचं चित्र आलं. क्लब बंद पडायच्या बेतात होता. बँक्सीनं पत्र लिहून चित्र क्लबला दिलं, ते ४ लाख ३ हजार पौंडांना विकलं गेलं आणि क्लब वाचला. कोविडच्या काळात साउथॅम्प्टनच्या रुग्णालयाला दिलेलं त्याचं चित्र २०२१ मध्ये १ कोटी ६० लाख पौंडांच्या वर गेलं. तो पैसा आरोग्यसेवेशी संबंधित संस्थांसाठी होता. भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या निर्वासितांना वाचवायला एक बोटही त्यानं २०२० मध्ये पैसे घालून उतरवली. त्यामुळे पैसा आला की राजकारण संपलं, असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. आलेला पैसा कुठे गेला, हेही बघावं लागतं.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे इटलीचा ब्लू. तोही टोपणनावानंच काम करतो. २०१६ च्या मार्चमध्ये बोलोन्या शहरात रस्त्यावरच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं, तिकीट लावून. त्यासाठी काही चित्रं चक्क भिंतींवरून सोलून आणली होती. त्यात ब्लूचीही होती. आयोजक म्हणाले, इमारती पडणारच होत्या, आम्ही चित्रं वाचवली. ब्लूनं काय केलं? स्थानिक कार्यकर्त्यांना सोबत घेऊन शहरातली आपली वीस वर्षांची चित्रं राखाडी रंगानं पुसून टाकली. त्याआधी २०१४ मध्ये बर्लिनमधली त्याची दोन प्रचंड चित्रं त्याच्याच संमतीनं काळ्या रंगाखाली गेली होती. समोरच्या मोकळ्या जागेवर बांधकाम होणार होतं, आणि चित्राच्या देखाव्यानं फ्लॅटची किंमत वाढावी हे त्यांना मंजूर नव्हतं.

ब्लूची जिद्द मला मान्य आहे. पण बोलोन्यात नुकसान कुणाचं झालं? संग्रहालयवाल्यांकडे त्यांची चित्रं राहिलीच. गेली ती रोज त्या रस्त्यानं कामावर जाणाऱ्यांची. म्हणून पुसून टाकणं हेही उत्तर म्हणून पुरत नाही.

आता सत्तेकडे बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये लंडनच्या मुख्य न्यायालयाच्या इमारतीवर बँक्सीनं चित्र काढलं. विग आणि झगा घातलेला न्यायाधीश खाली पडलेल्या आंदोलकाला हातोड्यानं मारतोय. त्याच्या एक-दोन दिवस आधीच लंडनमध्ये निदर्शनं करणाऱ्या शेकडो लोकांना अटक झाली होती. चित्र लगेच झाकलं, बाहेर पहारा बसवला आणि दोन दिवसांत घासून काढलं. इमारत वारसा यादीतली आहे हे कारण, आणि कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरही असेल. पण बँक्सीच्याच इतर चित्रांवर त्याच देशात पारदर्शक पत्रे बसवून त्यांचं रक्षण केलं जातं. ज्या चित्रामुळे पर्यटक येतात ते जपायचं, ज्यामुळे खुर्ची अस्वस्थ होते ते पुसायचं. दोन्हीकडे माणूस एकच, रंग एकच.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या गावातल्या भिंतीवर कोट्यवधींचा लिलाव होणार नाही, हे उघड आहे. पण प्रश्न आपल्याकडेही आहे, फक्त त्याचं रूप वेगळं आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत भिंती बोलत होत्या. नंतर चौकाचौकांत पक्षांचे, मंडळांचे वार्ताफलक आले. खडूनं लिहिलेले, रोज बदलणारे, कधी बोचरे. मग फ्लेक्स आला. वाढदिवस, निवड, अभिनंदन. फ्लेक्सनं दोन गोष्टी केल्या. पेंटर लोकांच्या हातचं काम गेलं, आणि चौकातली जागा ज्याच्याकडे पैसा त्याची झाली.

त्यानंतर आलं सुशोभीकरण. स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की नगरपालिका भिंती रंगवायला काढते. ओला कचरा-सुका कचरा, झाडे लावा, आणि वारलीतली माणसं कचरापेटीभोवती फेर धरून नाचताना. मोठ्या शहरांत हेच काम मोठ्या प्रमाणावर होतं. दिल्लीच्या लोधी कॉलनीच्या भिंती, मुंबईत ससून डॉकवरचा प्रकल्प. कलासंस्था, सरकारी परवानगी आणि रंगकंपनीची मदत. चित्रं सुंदर आहेत, नाकारत नाही. आणि फ्लेक्सनं बसवलेल्या एखाद्या पेंटरला नगरपालिकेच्या कामातून चार महिने रोजी मिळत असेल, तर त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. त्यानं ते काम घ्यावं, चोख पैसे मागून घ्यावं.

पण एक बघा. या रंगवलेल्या भिंतींवर नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे कधी दिसलं? उसाच्या थकलेल्या बिलाचं चित्र दिसलं? ज्या रस्त्यावर ती भिंत आहे त्या रस्त्याच्या खड्ड्याचं? दिसणार नाही, कारण बिल जो काढतो तोच नमुना मंजूर करतो. इथे लिलावाची गरजच पडत नाही. चित्र निघायच्या आधीच विकलं गेलेलं असतं.

आणि विनापरवानगी लिहिलं तर? महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. वाढदिवसाच्या अनधिकृत फ्लेक्सवर तो किती चालतो, हे तुम्हाला माहीत आहे. दिल्लीत मे २०२१ मध्ये लसी परदेशी का पाठवल्या, असं पंतप्रधानांना विचारणारी पोस्टर्स लागली, तेव्हा अशाच कायद्याखाली वीसहून जास्त गुन्हे नोंदले गेले. पकडलेल्यांत पोस्टर चिकटवणारे रोजंदारीवरचे मजूर होते. बँक्सीला त्याचं नाव आणि त्याचा बाजारभाव वाचवतो. या मजुरांना कोण वाचवणार?

म्हणून माझं म्हणणं असं. कलाकाराला पैसे मिळाले का, एवढ्यावर त्याची परीक्षा घेणं सोडू या. तीन गोष्टी विचारू या. ते चित्र बघायला तिकीट लागतं का? ज्याच्याबद्दल ते आहे, त्याच्या नजरेसमोर ते आहे का? आणि ते काढायच्या आधी कुणाची मंजुरी घ्यावी लागली?

नगरपालिकेकडे मागणीही साधी आहे. सुशोभीकरणाच्या शंभर भिंती खुशाल रंगवा. एक भिंत, बसस्टँडजवळची किंवा बाजारातली, ठराव करून मोकळी सोडा. द्वेष, बदनामी आणि जाहिरात चालणार नाही, एवढे नियम लिहा. बाकी नमुना मंजुरीला आणायचा नाही. ज्याला जे विचारायचंय ते त्यानं तिथे काढावं, पुढच्यानं त्यावर दुसरं काढावं. जी भिंत सारखी बदलते, ती कापून विकायचा कुणाला मोह होणार नाही.

आणि नगरपालिका नाही म्हणाली, तर गावात घरं आपलीही आहेत. रस्त्याकडची एक भिंत स्वतः द्यायची तयारी कुणाची आहे, ते कमेंटमध्ये सांगा. पेंटर मी शोधून देतो. त्याची मजुरी मात्र वर्गणी काढून पूर्ण द्यायची, फुकट राबवायचं नाही.