मुलाखतीतील छाप आणि पारख

नोकरीच्या मुलाखतीत छाप कशी पाडावी, हे शिकविणाऱ्या वर्गांचे पीक आता तालुक्याच्या गावीही जोमाने येऊ लागले आहे. बूट पुसलेले असावेत, प्रश्नकर्त्याच्या नजरेला नजर देऊन बोलावे, उत्तर येत नसल्यास तसे नम्रपणे सांगावे, हा उपदेश काही चुकीचा नव्हे. आपण अर्जात काय लिहिले आहे ते निदान एकदा वाचून जावे, एवढी साधी सूचनाही पुष्कळ पदवीधरांना करावी लागते. परंतु या सर्व उपदेशाच्या मुळाशी एक गृहीत आहे: मुलाखत ही न्याय्य परीक्षा असून तीत अपयशी ठरणारा केवळ आपल्या गबाळेपणामुळे अपयशी ठरतो. हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने नोकरभरती हा अपुऱ्या माहितीवर चालणारा व्यवहार होय. उमेदवाराची कुवत मालकाला आधी दिसत नाही. म्हणून तो पदवीसारख्या बाह्य खुणांवरून अंदाज बांधतो, असे मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली दाखवून दिले. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता तो या विचारासाठीच. पदवी मिळविण्यास कष्ट पडतात, म्हणून तिला खूण म्हणून किंमत. मात्र तीच पदवी अर्जदारांपैकी बहुतेकांच्या हाती आली की मालकाची नजर दुसऱ्या खुणांकडे वळते. इंग्रजीचा उच्चार, उठण्याबसण्यातील सफाई, वडिलांचा व्यवसाय! या खुणा फार करून कष्टाने नव्हे, घराण्याने मिळतात.

सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात ध्यानात घेण्याजोगा आहे. वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले. भेद काय तो आडनावांचा. उच्चवर्णीय हिंदू आडनावांच्या तुलनेत दलित व मुस्लिम नावांच्या अर्जांना कमी प्रतिसाद मिळाला. म्हणजे कित्येकांच्या बाबतीत बूट पुसण्याची पाळी येण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

न्यायालयांनाही या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न आईवडिलांविषयी विचारले, अशी उमेदवारांची तक्रार होती. १९८० साली अजय हासिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण देणे मनमानीचे ठरविले. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत आज २०२५ पैकी २७५ गुण, म्हणजे सुमारे साडेतेरा टक्के, मुलाखतीचे आहेत. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या.

मौज अशी की, केंद्रातील कारकुनाची निवड याप्रमाणे मुलाखतीवाचून होऊ लागली असताना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकाची निवड सर्वस्वी मुलाखतीवर सोपविली. शैक्षणिक गुण केवळ बोलावणे येण्यापुरते! खासगी संस्थांतील अशा मुलाखतींचा निकाल आदल्या रात्रीच ठरलेला असतो, असे सांगणारे सर्वच उमेदवार खोटे बोलत असतील, असे मानणे कठीण आहे.

ज्याला उभे आयुष्य वर्गापुढे बोलायचे आहे त्याला बोलता येते की नाही हे पाहावयास नको काय, असा आक्षेप यावर घेतला जाईल. अवश्य पाहावे. पण त्यासाठी त्याला खडू देऊन प्रत्यक्ष वर्गावर उभे करावे. ‘स्वतःविषयी सांगा’ म्हणून त्याच्या कपड्यांकडे पाहत बसू नये. फ्रँक श्मिट व जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सर्वांना तेच प्रश्न ठरवून विचारणारी मुलाखत किंवा कामाचा प्रत्यक्ष नमुना यांवरून पुढील कामगिरीचा जो अंदाज येतो, तो ऐसपैस गप्पांवरून येत नाही, असे त्यांना आढळले. प्रश्न आधी लिहून ठेवावेत, प्रत्येक सदस्याने आपापसात चर्चा करण्यापूर्वी स्वतंत्र गुण नोंदवावेत आणि ती नोंद मागणाऱ्या उमेदवारास दाखवावी. यास फारसा खर्चही येत नाही. वडील काय करतात, हा प्रश्न तर यादीतून प्रथम वगळावा.

उमेदवारांना मात्र तोवर थांबून चालणार नाही. शहरी घरातील मुलाला जेवणाच्या टेबलावर जो सराव मिळतो, तो शेतमजुराच्या मुलीला महाविद्यालयानेच दिला पाहिजे. शेवटच्या वर्षी चार शनिवार राखून ठेवावेत, प्राध्यापकांनी टेबलापलीकडे बसावे आणि आपण काय शिकलो हे तिला दोन मिनिटांत, आधी मराठीत व मग इंग्रजीत, सांगावयास लावावे.