मागच्या आवाजाला नाव असतं

घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ महाराष्ट्राला रामदास स्वामींचं जन्मगाव म्हणून ठाऊक आहे. पण आमच्या या भागातल्या विशीतल्या पोरांशी बोललात, तर ती दासबोधाच्या आधी डिव्हाईन आणि नेझीची नावं घेतील. २०१५ साली ‘मेरे गली में’ आलं, २०१९ साली ‘गली बॉय’. कुर्ल्याचा नावेद शेख नेझी होऊ शकतो तर आपण का नाही, हा सवाल मराठवाड्यातल्या मोहल्ल्यांतही पोचला. मोबाईल, साधा माईक आणि नेटवरून उतरवलेलं बीट एवढ्यावर गाणी बनतात. मला त्याचा आनंदच आहे.

तक्रार वेगळी आहे. यातल्या कित्येक गाण्यांत मागे एका मुलीचा आवाज असतो. कुणाची बहीण, कुणाची मामेबहीण, कुणाची वर्गमैत्रीण. हूक ती गाते, ओळीचा शेवटचा शब्द ती उचलून धरते. व्हिडिओखाली बीट कुणाचं, कॅमेरा कुणाचा, ड्रोन कुणाचा हे सगळं लिहिलेलं असतं. तिचं नाव नसतं, आणि गाण्यात ती धड ऐकूही येत नाही.

ऐकू न येण्याची कारणं साधी आहेत. रॅपर दिवसभर टेक देतो आणि मुलीला सगळ्यात शेवटी, मगरिबनंतर घरी जायच्या घाईत, माईकसमोर उभं करतात. पत्र्याची खोली, पंखा चालू, पाठीमागे मोकळी भिंत. दोरीवर दोन जाड गोधड्या टाकल्या, पंखा दहा मिनिटं बंद केला आणि तिला माईकपासून वीतभर अंतरावर उभं केलं, तरी निम्मं काम होतं. एकच ओळ तिच्याकडून दोन-तीनदा गाऊन घ्यावी आणि एक टेक डावीकडे, एक उजवीकडे ठेवावा. पोरं मात्र एकाच टेकची नक्कल करतात आणि ती किंचित मागे सरकवून किंवा स्टिरिओ रुंद करणारं प्लगइन लावून मोकळी होतात. हेडफोनवर ते झकास वाटतं. पण आपल्याकडे गाणं ऐकलं जातं ते मोबाईलच्या एका स्पीकरवर. तिथं डावं आणि उजवं एकत्र येतं आणि अशा नकली रुंदीतले आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. मुलगी अक्षरशः गायब होते.

दुसरं कारण प्रीसेट. रॅपरच्या भारी आवाजासाठी बनवलेली सेटिंग तिच्या आवाजावर जशीच्या तशी चिकटवतात. बोलताना पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झ असतो, बाईचा १६५ ते २५५. गाताना तो आणखी वर जातो. एकाचं माप दुसऱ्याला कसं बसेल? मग तो आवाज टोचतो, ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे वाजतात. त्यावर उपाय म्हणून वरचा सगळा भाग कापतात आणि रिव्हर्ब ओततात. शब्दांची स्पष्टता दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास असते, नेमकी तीच जाते. उरतो नुसता ‘आ… ऊ…’. खरं तर फक्त सकारापुरता डी-एसर लावावा आणि रॅपर थांबतो त्या फटीत तिला वर आणावं. एवढी मेहनत कुणी घेत नाही, कारण तिच्याकडे सजावट म्हणूनच पाहिलं जातं.

आपल्या परंपरेत मागचा आवाज कधीच सजावट नव्हता. पोवाड्यात झीलकरी नसेल तर शाहिराला दम घ्यायला जागा मिळत नाही. कव्वालीत मागे गाणाऱ्यांना ‘हमनवा’ म्हणतात, म्हणजे सुरातले सोबती. आणि जातं? बार्शीच्या अमर शेखांच्या कानावर पहिलं गाणं पडलं ते त्यांच्या आईच्या, मुनेरबींच्या ओव्यांचं. जात्यावर एकीनं ओवी धरायची आणि दुसरीनं ती उचलायची. हिपहॉपची कथाही फार वेगळी नाही. ११ ऑगस्ट १९७३ ची न्यूयॉर्कमधली ज्या पार्टीपासून ते सुरू झालं असं मानतात, ती भरवली होती सिंडी कॅम्पबेल या मुलीनं. जगाला आठवतो तो तिचा भाऊ, डीजे कूल हर्क.

नाव का नाही, असं विचारलं की उत्तर येतं, ‘घरचे काय म्हणतील? औरत की आवाज का भी पर्दा होता है.’ स्त्रीचा आवाज सतरमध्ये मोडतो की नाही, यावर उलेमांत जुना मतभेद आहे. संगीताबद्दलही आहे. पण संगीताचा आक्षेप मुलाच्या रॅपलाही तितकाच लागू होतो, तेव्हा तो कुणाला आठवत नाही! आवाज चालतो, नाव चालत नाही. हा कुठला पडदा? गोवंडीची सानिया मिस्त्री हिजाब घालून स्वतःच्या नावावर रॅप करते, तिलाही बोलणारे बोललेच. आणि ही अडचण एकट्या मुसलमानांची नाही. जांबच्या याच समर्थांची शिष्या वेणाबाई बालविधवा होती. तिनं उभं राहून कीर्तन करावं हे सतराव्या शतकातल्या समाजाला रुचणारं नव्हतं. समर्थांनी तिला तो अधिकार दिला. तिच्या रचना आजही तिच्याच नावानं ओळखल्या जातात.

कायदाही मुलीच्या बाजूनं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ३८ब आलं. आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लागावं, हा गाणाऱ्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. मुख्य गायक आणि मागचा गायक असा भेद त्यात नाही.

काही मुलींना खरंच नाव नको असतं, हेही मी पाहिलंय. त्यांचं ऐकावं. पण ते तिला विचारून ठरलेलं असावं, भावानं परस्पर ठरवलेलं नको. टोपणनाव चालेल, नुसतं आद्याक्षर चालेल. नेझी हेसुद्धा टोपणनावच आहे. आणि गाणं टाकण्याआधी ते एकदा मोबाईलच्या स्पीकरवर तिला ऐकवा. तिचे शब्द तिलाच कळले नाहीत, तर मिक्स पुन्हा उघडा.