बिनपगारी कामाची पत

मुलगा डिप्लोमा किंवा पदवी घेऊन इंजिनिअर झाला, एखाद्या कंपनीत लागला, की घरच्यांची साधी अपेक्षा असते. सुट्टीच्या दिवशी त्याने थोडा वेळ दुकानावर बसावे, अब्बांच्या कारखान्याचा हिशेब पाहावा. अशा वेळी तो म्हणाला की आज इंजिनिअर लोकांच्या संस्थेची मीटिंग आहे, व्याख्यानाची व्यवस्था माझ्याकडे आहे, तर पहिला प्रश्न येतो, "किती देतात?" काहीच देत नाहीत, उलट वर्षाची वर्गणी आपल्याच खिशातून भरायची, हे कळले की विषय संपतो.

प्रश्न चुकीचा नाही. व्यापारी माणसाने मोबदला विचारलाच पाहिजे. फक्त मोबदला रोखीतच मोजायचा हा हट्ट आपण आपल्या धंद्यात तरी कुठे धरतो? सुताचा व्यापारी यंत्रमागवाल्याला माल उधार देतो, तो त्याच्या खिशाकडे पाहून नव्हे, बाजारातील पतीकडे पाहून. ही पत वर्षानुवर्षे वेळेवर पैसे चुकते करून कमावलेली असते. कारागिराचेही तसेच आहे. अमुक उस्तादांच्या हाताखाली शिकला, एवढे म्हटले की परक्या गावातही त्याला काम मिळते.

नोकरदार इंजिनिअरची अडचण अशी की त्याचे काम कारखान्याच्या भिंतीआड राहते. त्याने यंत्रे किती उत्तम चालवली हे त्याचा साहेब जाणतो, आणि साहेब बदलला की तेही संपते. ज्यांचे काका-मामा मोठ्या कंपन्यांत आहेत त्यांना याची झळ लागत नाही. त्यांची ओळख घरातूनच आलेली असते. कारागिराच्या किंवा छोट्या दुकानदाराच्या घरातून पहिल्यांदाच इंजिनिअर झालेल्या मुलाला ती ओळख बाहेर जाऊन मिळवावी लागते. म्हणूनच संस्थेतले बिनपगारी काम इतरांपेक्षा आपल्या मुलांच्या अधिक उपयोगाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा संस्था आपल्या देशात नव्या नाहीत. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही सर्व शाखांच्या अभियंत्यांची संस्था १९२० साली स्थापन झाली व १९३५ साली तिला शाही सनद मिळाली. कापड धंद्यातील तंत्रज्ञांची टेक्स्टाईल असोसिएशन १९३९ पासून आहे. रेफ्रिजरेशन व एअरकंडिशनिंग क्षेत्रातील इंजिनिअरांनी १९८१ साली दिल्लीत आपली संस्था काढली. 'इशरे' या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते आणि मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत.

हा शेवटचा धंदाच उदाहरणादाखल घेऊ, कारण यात मेकॅनिक, सुट्या भागांचा दुकानदार, ठेकेदार आणि इंजिनिअर हे सगळे एकाच साखळीत बांधलेले आहेत. समजा, एखादा पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर आहे. दिवसभर डक्टची मापे घ्यायची, पत्र्याचा हिशेब लावायचा, मजुरांची हजेरी पाहायची. कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपनीच्या विभागीय व्यवस्थापकाशी बोलण्याचा प्रसंग त्याच्यावर दहा वर्षांतही येणार नाही. हाच तरुण शाखेच्या व्याख्यान समितीत गेला की त्याला त्या व्यवस्थापकाला फोन करावाच लागतो. वक्ता कोण पाठवता, हॉलचा खर्च कोण उचलणार, तारीख कोणती, हे सारे ठरवावे लागते. सभा झाल्यावर खर्चाची पावती न पावती खजिनदाराकडे द्यावी लागते. इतिवृत्त लिहावे लागते, ते पुढच्या सभेत वाचले जाते आणि चूक असेल तर वडीलधारी मंडळी चारचौघांत दाखवून देतात. माणसांकडून काम करवून घेणे, तेही पगाराचा धाक नसताना, हे कोणत्या कॉलेजात शिकवतात? कारखान्यात सुपरवायझर मॅनेजर होत नाही तो बहुधा याच ठिकाणी अडतो. यंत्राचे ज्ञान त्याला कमी नसते.

दुसरा फायदा बातमीचा. व्यापाऱ्याला बातमीची किंमत सांगायला नको. एअरकंडिशनरमध्ये पिढ्यान्पिढ्या जो आर-२२ वायू भरला गेला, तो ओझोन थराला मारक. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली त्या गटाचे वायू टप्प्याटप्प्याने हटवायचे ठरले, आणि जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता अल्प वाटा सोडला तर भारताला त्यासाठी २०३० ची मुदत आहे. पुढे २०१६ साली किगाली येथे त्यांच्या जागी आलेल्या वायूंवरही मर्यादा घालण्याचे ठरले. भारताने २०२१ मध्ये ती दुरुस्ती मान्य केली. आता आलेला आर-३२ थोडाफार पेट घेणारा आहे, आणि आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन. जुन्या सवयीने, विडी ओढत ज्याने वायू भरला त्याच्या जिवावर बेतायचे. हे सारे दुकानाच्या काउंटरवर पोहोचण्याच्या कितीतरी आधी अशा संस्थांच्या सभांत चर्चिले जाते. ती सभा भरवणारा मुलगा ते सर्वांत आधी ऐकतो. कोणत्या वायूचे सिलिंडर भरून ठेवायचे आणि कोणते नाही, हे तो घरी येऊन सांगू लागला की वर्गणीची रक्कम केव्हाच वसूल झालेली असते.

तिसरी गोष्ट थोडी खोल आहे. कारागिराच्या व कारखानदाराच्या डोक्यावर जे नियम येतात ते बरेचदा अशाच बिनपगारी बैठकांतून तयार होतात. अमेरिकेतील ब्रॉकटन गावी २० मार्च १९०५ रोजी जोड्यांच्या एका कारखान्याचा बॉयलर फुटला. इमारत कोसळली, आग लागली, ५८ माणसे गेली. त्यानंतर तेथील मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ साली समिती नेमली आणि बॉयलर कसा बांधावा याची १९१४ ची नियमसंहिता तयार केली. आजही त्या संहितेच्या समित्यांत इंजिनिअर स्वयंसेवक म्हणून बसतात. प्रेशर व्हेसल परदेशी पाठवणाऱ्या आपल्याकडील फॅब्रिकेटरकडे अनेक गिऱ्हाइके याच संहितेचा शिक्का मागतात. आपल्या भारतीय मानक ब्युरोचीही पद्धत फार वेगळी नाही. त्याच्या समित्यांत उत्पादक, ग्राहक, सरकारी व संशोधन संस्थांचे प्रतिनिधी असतात. मानकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला जातो. आपण बहुधा जागे होतो ते गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश दारात आल्यावर. खेळण्यांच्या बाबतीत १ जानेवारी २०२१ पासून असा आदेश लागू झाला, तेव्हा किती दुकानदारांना आधी कल्पना होती? जो इंजिनिअर अशा चर्चांत बसतो त्याला कलम तर माहीत असतेच, पण ते तसे का लिहिले हेही माहीत असते. त्याला कंपनी सहजासहजी सोडत नाही.

मोठे उदाहरण हवे असेल तर फजलूर रहमान खान यांचे घ्यावे. १९२९ साली ढाक्यात जन्मलेले, गणिताच्या शिक्षकाचे चिरंजीव. १९५२ साली अमेरिकेत शिकायला गेले आणि शिकागोतील ११० मजली सिअर्स टॉवरची रचना त्यांनी केली. जिद्दाच्या ज्या हज टर्मिनलच्या तंबूसारख्या छपराखाली महाराष्ट्रातील कित्येक हाजी उतरले, त्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. पण नवी रचना शोधून ते गप्प बसले नाहीत. उंच इमारतीत भिंत आणि चौकट मिळून भार कसा पेलतात हे त्यांनी १९६४ साली तेथील सिव्हिल इंजिनिअरांच्या सोसायटीच्या नियतकालिकात सहकाऱ्यासह मांडले. उंच इमारतींचा अभ्यास करणारी जी जागतिक परिषद निघाली, तिच्या कामात ते राबले व पुढे तिचे अध्यक्षही झाले. कर्तृत्व आधी होते, हे खरेच. परंतु ढाक्याहून आलेल्या माणसाचे कर्तृत्व साऱ्या जगाच्या व्यवसायबंधूंनी पाहिले, ते अशाच व्यासपीठांवरून.

आता आक्षेपांकडे वळू. काही शाखांत ठरावीक मंडळींचाच अड्डा असतो, निवडणुका होतात, हारतुरे आणि फोटो यांतच वर्ष जाते. हे मी नाकारत नाही. अशा ठिकाणी सहा महिने पाहावे आणि दुसरी संस्था धरावी. कामात कच्चा असलेला माणूस संस्थेत चमकेल असेही समजू नये. तेथे जाणकार बसलेले असतात, तो लवकर उघडा पडतो. नोकरीचे तास चुकवून संस्थेकडे धावणाऱ्याची तर पत वाढण्याऐवजी जातेच.

आणखी एक सवय आपल्याला नडते. चार इंजिनिअर जमले की आपल्याच लोकांची स्वतंत्र संघटना काढायची. शिष्यवृत्तीसाठी, नव्या मुलांना दिशा दाखवण्यासाठी ती जरूर असावी. परंतु कामे आणि नोकऱ्या ज्यांच्या हातात आहेत ते तेथे येत नाहीत. ते सर्वांच्या संस्थेत येतात, आणि आपला मुलगा तेथे दिसला पाहिजे.

डिप्लोमावाल्यांसाठी एक सूचना. इन्स्टिट्यूशनच्या परीक्षा देऊन पदवीची समकक्षता मिळवण्याचा जुना मार्ग केंद्र सरकारने ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरताच ठेवला. "आता पदवी मिळते" असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर भुलू नये. सभासदत्वाचा उपयोग आता कामातूनच करून घ्यायचा आहे.

घरच्यांनी काय करावे? पहिल्या वर्षाची वर्गणी भरावी आणि महिन्यातील एक संध्याकाळ मुलाला मोकळी द्यावी. मुलाने मात्र गेल्या गेल्या पदाच्या मागे लागू नये. वार्षिक सभेच्या सुमारास नवी समिती बनते, तेव्हा कामाला माणसे कमी पडतात. त्या वेळी उठून हिशेबाची वही किंवा व्याख्यानांची व्यवस्था मागून घ्यावी. ही दोन कामे सहसा कोणाला नको असतात, त्यामुळे नवख्याला नकार मिळत नाही.