खेळाला नाका, जुगाराला वाट मोकळी

मुलाच्या हातात मोबाइल दिसला की 'याला गेमचं व्यसन लागलं' असं आपण पटकन म्हणून टाकतो. वाडीत गेलो की आया आम्हाला तेच सांगतात. "सिस्टर, माझो झील रात्रंदिवस मोबाइलात असता, ह्याका कायतरी औषध देवा." औषध नाही. आणि बहुतेक वेळा आजारही नसतो. इन्सुली आणि आसपासच्या बौद्धवाड्यांत जी घरं आम्हाला खचलेली दिसतात, तिथे मुलाच्या गेमपेक्षा कमावत्या माणसाच्या फोनवरचे पत्ते कारणीभूत असतात. या दोन्हींना आपण एकच नाव देतो, तिथेच घोटाळा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांची नवी यादी मंजूर केली. १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, हे खरं. पण त्याची व्याख्या बघा. किती तास खेळलं म्हणजे आजार, असा आकडा तिच्यात कुठेच नाही. खेळण्यावरचा ताबा सुटला पाहिजे, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा झाला पाहिजे, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहिलं पाहिजे. त्यातून घर, शाळा, काम यांची मोठी हानी व्हायला हवी, आणि हे सहसा निदान १२ महिने दिसायला हवं. सुट्टीत चार तास खेळणारा आणि हाक मारल्यावर कुरकुरत का होईना जेवायला उठणारा मुलगा यात बसत नाही. कुरकुरणं हे लक्षण नाही, ते वय आहे.

हे नाव यादीत घालावं की नाही, यावर संशोधकांतही वाद झाला. तेव्हा कोपनहेगनच्या आयटी विद्यापीठात असलेले एस्पेन आर्सेथ आयुष्यभर संगणकावरच्या खेळांचा अभ्यास करत आलेले. त्यांनी आणि इतर अनेक देशांतल्या अभ्यासकांनी २०१७ साली जाहीर आक्षेप घेतला. पुरावा कच्चा आहे, दारू आणि जुगाराची लक्षणं उचलून खेळाला चिकटवली आहेत, धडधाकट मुलांवर शिक्का बसेल, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचे डॉक्टर म्हणाले, रुग्ण दारात उभे आहेत, आजाराला नावच नसेल तर उपचार कसे करायचे? बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे. आम्ही नर्सिंग केलेली माणसं, त्यामुळे आमचा कल डॉक्टरांकडे. पण शिक्क्याची भीती आम्हाला आर्सेथ यांच्याहून जास्त कळते. बंगल्यातला मुलगा तासन्‌तास खेळला तर तो त्याचा छंद. वाडीतला खेळला तर 'वाया गेला'.

भीती कशी पसरते ते आपण २०१७ मध्ये पाहिलं. अंधेरीतल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर 'ब्लू व्हेल'ने घराघरांत थरकाप उडवला होता. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या एकाही घटनेत त्या गेमचा संबंध सिद्ध झाला नाही. ही बातमी किती घरांत पोचली?

आता पैशाचं. आरोग्य संघटनेच्या त्याच यादीत जुगाराचा आजार वेगळा नोंदलेला आहे. आपल्याला हा फरक नवा नाही. ब्रह्मजाल सुत्तात पटावरच्या खेळांची यादी येते ती भिक्खूंनी टाळायच्या गोष्टींत. सिगाल या गृहस्थाला तथागतांनी जे सहा तोटे सांगितले ते जुगाराचे. जिंकलास तर वैर, हरलास तर शोक, हातचा पैसा जाणार, चारचौघांत शब्दाला किंमत राहणार नाही, मित्र हेटाळणार, लग्नाला कोणी मुलगी देणार नाही. फोनवरच्या रमीत हे सहाच्या सहा आहेत, वर सातवं म्हणून कर्ज देणारं अ‍ॅप.

गोव्याची दारू अडवायला इन्सुलीला तपासणी नाका आहे. जत्रेत अंदर-बाहरचा पट मांडला तर पोलीस येऊन उधळू तरी शकतात. फोनमधल्या जुगाराला वर्षानुवर्षं कुणी अडवलं नाही. रमी हा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टाने १९६८ साली म्हटलं होतं, त्याच आडोशाने कंपन्या वाढल्या. शेवटी पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेत झाला, २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये लोक या खेळांत घालवत होते, हा सरकारचाच तेव्हाचा अंदाज. त्यातली किती मजुरी मोपा आणि वेर्ण्याला कामाला जाणाऱ्या पोरांची, ते कोण मोजणार?

मुलांच्या गेममध्येही जुगार मागच्या दाराने येतो. पैसे भरून पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. अशा पेट्यांवर जास्त खर्च करणाऱ्यांत जुगाराची लक्षणंही जास्त आढळतात, असं ब्रिटनमधल्या डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांना २०१८ साली हजारो खेळाडूंच्या पाहणीत दिसलं. कोण कोणाला कारण, हे त्यातून ठरत नाही. बेल्जियमने मात्र त्याच वर्षी या पेट्या जुगारात मोजल्या. म्हणून आयांनो, 'किती वेळ खेळलास' याआधी 'पैसे भरलेस का' ते विचारा. आणि फोनचा यूपीआय पिन मुलाला सांगू नका.

घरातला मोठा माणूस अडकला असेल तर लपवू नका. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे. मन खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३०. आणि वाडीत काम करणाऱ्या आशाताईंना आमचं सांगणं आहे, रक्तदाब आणि साखर विचारताना जरा आडून कर्जाचंही विचारा. बाईला एकटीला, चुलीपाशी. नवऱ्यासमोर ती सांगणार नाही.