आरोग्यविचार : फुप्फुसांतील लहान गांठ व किरणोपचार

फुप्फुसाचा कर्करोग आरंभींच सांपडला, तर शस्त्रक्रिया हा आजहि प्रथम उपाय होय. परंतु घरांतील वडील माणसाचें हृदय दुर्बल असेल किंवा दमा जुनाट असेल, तर ती झेपत नाहीं. अशा वेळीं किरणोपचाराचा आश्रय घ्यावा लागतो. त्याच्या दोन रीतींतील भेद कुटुंबानें समजून घेणें अगत्याचें आहे.

जुनी रीत अशी कीं, रोज थोडी थोडी मात्रा देत सहा-सात आठवडे उपचार चालवावयाचा. खालापूर-खोपोलीकडील वृद्धानें १९४१ सालीं परळ येथें उघडलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय रोज गांठावयाचें, म्हणजे लोकलचा प्रवास हाच निराळा आजार! नव्या, स्टिरिओटॅक्टिक रीतींत श्वासाबरोबर गांठ कशी हलते हें सीटी स्कॅननें पाहून अनेक दिशांचे किरण तिच्यावरच एकवटतात. प्रत्येक मात्रा मोठी. म्हणून बहुधा तीन ते आठ भेटींत काम आटोपतें.

लाभ केवळ सोयीचा नाहीं. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील १०१ रुग्णांच्या, २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत जुन्या रीतीच्या गटांत शेंकडा ३१ जणांचा रोग मूळ जागीं पुन्हा बळावला. नव्या गटांत शेंकडा १४ जणांचा. उलट, २०१६ सालच्या स्कँडिनेव्हियांतील चाचणींत रोग आटोक्यांत ठेवण्यांत दोन्ही रीती जवळजवळ सारख्या ठरल्या; मात्र अन्ननलिकेचा दाह नव्या रीतींत कमी आढळला.

तथापि गांठ मुख्य श्वासनलिकांस लागून असेल, तर मोठी मात्रा घातक ठरूं शकते; तेथें ती अधिक भागांत विभागावी लागते. खारघर येथील टाटा संस्थेच्या केंद्रांत प्रोटॉन किरणांचें यंत्रहि आहे. पण अशा लहान गांठींत तें सरस असल्याचें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. नव्याच्या नांवाला भुलूं नये.

शेवटीं एक गोष्ट. वडिलांपासून रोगाचें नांव लपविण्याची आपल्याकडे चाल आहे. हेतु प्रेमाचा असला, तरी या उपचारांत रुग्णानें निश्चल पडून श्वास सांभाळावयाचा असतो. कशासाठीं, हें ठाऊक नसतां तो हें कसें साधणार? म्हणून डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न, गांठ कोठें आहे, भेटी किती, पुढें श्वासास त्रास किती, हे त्यांच्या समक्षच विचारावे. देह त्यांचा आहे. निवडहि त्यांचीच असावी.