उत्तराच्या शेजारी एक ओळ हवी

मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे
यांस



5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाची मुदत 2026-27 ची आहे. दुसरीच्या लेकराला 99 पर्यंतची वजाबाकी यावी, हे त्यातलं एक लक्ष्य. ती आली की नाही, हे आपण पाहतो कसं, याबद्दल हदगावहून हे पत्र.

दुसरीतल्या दोघींना तोंडी विचारा, 48 आणि 27 किती? एक म्हणते, अठ्ठेचाळीसात दोन घातले, पन्नास झाले, राहिले पंचवीस. दुसरी अठ्ठेचाळीसच्या पुढे सत्तावीस बोटं मोजते. दोघींचं उत्तर 75, गुणही सारखेच. तिसरीत तीन अंकी बेरजा आल्या की बोटांवर मोजणारीला ती पुरत नाहीत, आणि मग आपण तिला कच्ची ठरवतो. खरं तर ती दुसरीतच अडलेली होती.

चुकांचंही तसंच. 74 मधून 38 गेले तर एक मुलगा 44 सांगतो. आठातून चार वजा करून तो मोकळा झाला, हातच्याचा पत्ताच नाही. दुसरा 37 सांगतो. तो उलटं मोजताना एकाने घसरला. पहिल्याला दशक सुटं करून दाखवावं लागेल, दुसऱ्याला थोडा सराव पुरे. कागदावर मात्र दोघांपुढे एकच फुली.

आमच्याकडे बंजारा तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी बोलतात. मराठीत विचारल्यावर ती गप्प राहिली, तर गणित अडलं की प्रश्नच कळला नाही, हे आधी शोधायला हवं. 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं तोंडी हिशोब बिनचूक करत होती आणि शाळेच्या पद्धतीच्या साध्या गणितांना अडखळत होती.

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयापासून आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आहेच. पहिली ते तिसरीसाठी तिथं गुणांशेजारी एक ओळ ठेवा: ‘कसं काढलं?’ ते लेकराला घरच्या बोलीत सांगू द्या. घड्याळ लावू नका, घाईत लेकरू अंदाज ठोकतं. एकेकाला जवळ बसवायला गुरुजींना वेळ लागेल; त्यासाठी त्यांच्या माथी असलेल्या ऑनलाइन माहिती भरण्याची काही कामं कमी करा. येत्या सत्रापासून निदान दुसरीच्या वर्गांत तरी हे सुरू करावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
हदगावचा एक पालक