विश्लेषण : भातखाचरातली स्वस्त जमीन शेवटी महाग का पडते?

जुलैमध्ये धुळ्याहून साक्रीमार्गे पिंपळनेरच्या पुढे निघाले की खानदेश ओळखू येत नाही. कापूस, मका मागे पडतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याने भरलेली भातखाचरे लागतात आणि चिखलात आवणीसाठी वाकलेली माणसे दिसतात. या हिरव्या वावरांचे फोटो मोबाइलवर फिरतात, पाठोपाठ 'डोंगराच्या कुशीत स्वस्त जमीन' असे संदेशही येतात. धुळे-जळगावातल्या पगारदार कुटुंबाला मोह होणे स्वाभाविक आहे. पण ही जमीन स्वस्त का आहे, हे त्या संदेशात कधीच लिहिलेले नसते.

खानदेशात भात कुठे पिकतो?

धुळे जिल्ह्याचा बहुतांश भाग कमी पावसाचा. साक्री तालुक्याचा पश्चिम पट्टा मात्र सह्याद्रीला टेकलेला आहे. कुडाशी, वार्सा या बाजूला पाऊस धुळे शहरापेक्षा बराच जास्त पडतो. तिथे भात, नागली, वरई ही पिके घेतली जातात. वस्ती प्रामुख्याने कोकणी, मावची आणि भिल्ल समाजाची. खाचर म्हणजे सपाट केलेला, बांध घातलेला तुकडा. उतारावरचे पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरते. त्यामुळे मधल्या एकाने बांध बुजवून घर बांधले, तर खालच्या शेजाऱ्याचे पाणी तुटते. याच तालुक्यातून वाहणाऱ्या पांझरा-कान नद्यांवरची फड पद्धत तर पाणी सगळ्यांनी मिळून वाटण्यावरच उभी राहिली. या भागात जमीन घेणे म्हणजे शेजाऱ्यांच्या पाण्यातही भागीदार होणे.

मग जमीन इतकी स्वस्त का?

कारण तिला खुला बाजार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकता, दान करता, बदलून देता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते. विक्रीसाठी तर जिल्हाधिकाऱ्यांनाही राज्य सरकारची पूर्वमान्यता घ्यावी लागते. त्याआधी त्याच गावातील किंवा पाच किलोमीटरच्या आतील कुणी आदिवासी ती जमीन घ्यायला तयार आहे का, हे पाहिले जाते. साक्री तालुक्यातील अनेक गावे आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे ग्रामसभेचा शब्दही महत्त्वाचा ठरतो.

हा कायदा आला कुठून?

तो याच भागातल्या संघर्षातून आला. तेव्हाच्या अखंड धुळे जिल्ह्यात, शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात, कर्ज आणि फसव्या कागदांच्या जोरावर आदिवासींच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर इतरांकडे गेल्या होत्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने तिथे जमिनी परत मिळवण्यासाठी लढा उभारला. राज्यभरातही हा प्रश्न धगधगत होता. ६ जुलै १९७४ पासून कलम ३६-अ लागू झाले. पाठोपाठ आलेल्या जमीन प्रत्यार्पण कायद्याने १ एप्रिल १९५७ पासून त्या तारखेपर्यंत झालेले व्यवहार तपासून जमिनी मूळ मालकांना परत देण्याची तरतूद केली. 'किचकट नियम' म्हणून ज्याला नाके मुरडली जातात, त्याच्यामागे हा इतिहास आहे.

तरीही व्यवहार होतात, ते कसे?

मार्ग ठरलेले आहेत. स्टॅम्पपेपरवर साठेखत, नोटरी केलेला करार, ९९ वर्षांचा भाडेपट्टा, कुलमुखत्यारपत्र, किंवा ओळखीच्या आदिवासी माणसाच्या नावावर खरेदी. नोटरी केल्याने मालकी मिळत नाही. स्थावर मालमत्तेच्या विक्रीची नोंदणी दुय्यम निबंधकाकडेच व्हावी लागते. दुसऱ्याच्या नावावर घेतलेली जमीन बेनामी व्यवहारात अडकू शकते. मंजुरीविना झालेले हस्तांतर जिल्हाधिकारी अवैध ठरवू शकतात आणि जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. दिलेले पैसे परत मागताना खरेदीदाराच्या हाती भक्कम कागद नसतो. विकणाऱ्याचीही पत गेलेली असते, कारण बहुतेक वेळा ती रक्कम दवाखान्यात, लग्नात किंवा जुन्या देण्यात आधीच संपलेली असते. फायदा एकट्या मध्यस्थाचा होतो. तो दोन्ही बाजूंनी कमावतो आणि कागदावर कुठेच नसतो.

सातबारावर नेमके काय पाहायचे?

आधी भोगवटादाराचा वर्ग. वर्ग-२ असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. मग 'इतर हक्क' हा रकाना. ३६ आणि ३६-अ कलमांचा शेरा बऱ्याचदा तिथेच सापडतो. शेरा नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, जुने फेरफार काढून जमीन मुळात कुणाची होती ते तपासावे. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेला वनपट्टा वारसाने पुढे जातो, पण विकता येतच नाही. जमीन बिगर आदिवासीची असली तरी महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा सर्वसाधारणपणे शेतकरी असावा लागतो. तुकडेबंदी कायद्यानुसार जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे हे किमान प्रमाणभूत क्षेत्र आहे. शहरी भागांसाठी २०२५ मध्ये हा नियम सैल करण्याचा निर्णय झाला, पण भातखाचरातल्या दोन गुंठ्यांना त्याचा आधार आपोआप मिळत नाही. गावठाणातल्या घराचेही तसेच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही.

कायदा आदिवासी शेतकऱ्यालाच अडवतो का?

हा आक्षेप खरा आहे आणि तो गावातूनही ऐकू येतो. घरात आजारपण आले की शेजारच्या तालुक्यातला शेतकरी एकर विकून मोकळा होतो. इथल्या माणसाला ती सोय नाही. खरेदीदार मोजके, म्हणून भावही कमी. परंतु दार सताड उघडले तर पहिली विक्री अडचणीतल्या माणसाचीच होईल आणि तीही पडेल भावात. आदिवासी खातेदाराला सहकारी संस्था किंवा बँकेकडे जमीन तारण ठेवून कर्ज काढण्याची वाट कायद्याने खुली ठेवली आहे. खरी कमतरता आहे ती वेळेवर मिळणाऱ्या पीककर्जाची, जवळच्या चांगल्या दवाखान्याची आणि भात कापल्यावर दुसरे पीक घेता येईल इतक्या पाण्याची. ते नसल्यामुळे भात घरात आला की अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला निघतात. जमीन विकण्याची वेळ तिथून सुरू होते. इलाजही तिथेच हवा.

गावात राहायचेच असेल तर?

जमीन न घेताही तिथे राहता येते. शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक भाड्याच्या खोलीत राहतातच. पण फोटोतला हिरवा रंग पावसाळ्याचा आहे, हे ध्यानात ठेवावे. एप्रिल-मेमध्ये त्याच वाड्या-पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट असते. मोबाइलची रेंज डोंगराच्या एका अंगाला मिळते, दुसऱ्याला नाही. ज्यांना या मातीशी खरेच नाते जोडायचे आहे, त्यांनी एक उन्हाळा तिथे काढावा. दरवर्षी भात थेट शेतकऱ्याच्या खळ्यावरून, रास्त भावाने विकत घ्यावा. चार कुटुंबांनी मिळून पोते-पोते तांदूळ घेतला, तर एखाद्या घराची मजुरीची खेप टळू शकते. सातबारावर आपले नाव चढवण्यापेक्षा त्यावर आधीपासून असलेले नाव टिकवणे या गावांच्या जास्त उपयोगाचे आहे. पुढच्या जुलैत तिथे आवणी दिसायची असेल, तर ते नाव तिथे राहायला हवे.